एकेचाळिसावं कार्ड

यादीत सगळ्यात खाली मी होते.

नागपूरहून आलेला तक्ता मी सवयीने आधी वरून खाली वाचला, मग खालून वर. मुकुटबन भागातल्या चाळीस गरोदर बायका आणि एकेचाळिसावी मी. नावं नव्हती, नुसते नंबर. पण एकेचाळीस नंबर कोणाचा हे यवतमाळच्या आमच्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत फक्त मला माहीत होतं. गेल्या महिन्यात मुकुटबनच्या अंगणवाडीत बायका बोट टोचून घ्यायला बिचकत होत्या. दुखत नाही हे दाखवायला मी आधी माझंच बोट टोचलं, जाड कागदाच्या कार्डावरच्या गोलात थेंब सोडला आणि म्हटलं, बघा, झालं. बायका हसल्या, कारण टोचताना मी डोळे गच्च मिटले होते. ते जास्तीचं कार्ड फेकवेना, म्हणून बाकीच्यांसोबत वाळवून पाठवून दिलं. आता त्या थेंबासमोर एक आकडा होता. एक पूर्णांक एक. रक्तातल्या स्निग्धाम्लांचे, म्हणजे फॅटी अ‍ॅसिडचे, शंभर भाग धरले तर ओमेगा-तीन घराण्यातल्या डीएचएचे एक पूर्णांक एक भाग. बाकीच्या बायकांची सरासरी दोनच्या वर होती. सतरा नंबरचे तर तीनच्याही पुढे. दुपारचे अडीच वाजले होते, पंख्याने तक्त्याचा कोपरा उचलला जात होता आणि मी तो अंगठ्याने परत परत खाली दाबत होते, जणू कागद सपाट झाला की आकडा बदलेल. मला तिसावा आठवडा होता. बाळ झोपलं असावं. निदान हलत नव्हतं.

एका थेंबावरून निष्कर्ष काढू नये, हे मीच इतरांना सांगते. कार्ड नीट वाळलं नसेल, उन्हात राहिलं असेल, यंत्राची चूक असेल. पण चाळीस कार्डं त्याच डब्यात, त्याच ओळीत वाळली होती, आणि यंत्राला माझ्याशी वैर धरायचं काही कारण नव्हतं. शिवाय आकडा का कमी आहे हे मला माहीत होतं. डीएचए हा रेणू मला एम.एस्सी.पासून आवडतो. बावीस कार्बनची शेपटी आणि तिला सहा ठिकाणी वाक. तिला ताठ उभंच राहता येत नाही, म्हणून पेशीच्या ज्या भिंतीत ती बसते ती भिंत सैल, हलती राहते. मेंदूला आणि डोळ्याच्या पडद्याला अशाच भिंती लागतात. पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या मेंदूतल्या पेशींच्या फांद्या एकमेकींना शोधत असतात, आणि तेव्हा हा माल सगळ्यात जास्त लागतो. तो आईकडूनच यावा लागतो. आईने तो खाल्लेला असावा लागतो, मासोळीतून, थोडा अंड्यातून. जवसातून जे येतं ते त्याचं आखूड भावंड, अठरा कार्बनचं. त्यातलं अगदी थोडं शरीर लांब करून घेतं. आणि माझ्या घरी गेली तीन वर्षं जवसाची चटणी रोज होती, मासोळी एकदाही नव्हती.

मासोळ्यांचं सांगायला मी चित्रांचा तक्ता घेऊन मुकुटबनला जात होते. तिथे वैष्णवी नावाची एक बाई पहिल्या दिवसापासून पुढे बसायची, बावीस वर्षांची, दुसरी खेप, बोलायला पटाईत. मी म्हटलं, मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरतं त्यात निम्म्याहून जास्त चरबीच असते. ती म्हणाली, "म्हंजे ताई, आमच्या सासऱ्याच्या डोक्यात नुसतं पाणीच हाय म्हना." सगळी अंगणवाडी हसली, सेविकासुद्धा. मग ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, "ताई, तुमी खाता का मासोया? आमच्या नाल्यात लय भेटतात." आणि मी म्हटलं, "खाते ना." किती सहज म्हटलं. तो शब्द तोंडातून निघाला तेव्हा माझ्या बोटावर कापसाचा बोळा होता आणि कार्डावरचा थेंब अजून ओला होता. सतरा नंबर वैष्णवीचा आहे हे मला माहीत असायला नको, पण तिच्या कार्डावर नंबर घालताना ती म्हणाली होती, "सतराच टाका, माह्या लग्नाची तारीख हाय." ते कसं विसरणार. म्हणजे जी मला विचारत होती ती आकड्यांत सगळ्यात वर होती आणि जी तिला शिकवत होती ती सगळ्यात खाली. मला वाईट वाटायला हवं होतं. पण त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला हसू आलं, पोट हलेल इतकं, आणि शेजारच्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "मॅडम, रिझल्ट चांगले आले वाटते."

वारेची, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला पोसणाऱ्या त्या अवयवाची, एक गोष्ट मला फार आवडते. तिला वार म्हणावं की बाजारातली चोखंदळ बाई, असा प्रश्न पडतो. आईच्या रक्तातून ती हाच वाकडा रेणू आधी उचलते. आईकडे कमी असलं तरी बाळाच्या रक्तात त्याचा वाटा आईपेक्षा जास्त भरतो. आणि रक्तात नसेल तर तो आईच्या जुन्या साठ्यातून निघतो, मांड्यांवरच्या, कमरेवरच्या चरबीतून, जी बाईने मुलगी असताना साठवलेली असते. म्हणजे शरीर मागे जातं. खिडकीतून बाहेर आर्णी रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकू येत होते आणि मी मागे जात होते. पूस धरणाच्या कडेला आमचा बंजाऱ्यांचा तांडा. माझी याडी, म्हणजे आई, सुखीबाई संध्याकाळी पदराच्या खोळीत बोटभर मासोळ्या घेऊन यायची, राखेने चोळायची, मीठ-तिखट लावून तव्यावर टाकायची. तेल उडायचं. तिच्या हातावरच्या चांदीच्या कड्यांवर त्याचे थेंब बसायचे. मोठी मासोळी असली तर तिचं डोकं माझं, हे ठरलेलं होतं. माझा बाप डोंगरसिंग म्हणायचा, या छोरीला अंग नको, डोकंच पाहिजे. मी डोकं चोखत बसायचे, त्यातलं मऊ, गोडसर, किंचित कडू, डोळ्याच्या मागचं जे असतं ते, आणि ओठ तिखटाने जळत असायचे. त्या मासोळ्यांचं काही माझ्यात उरलं असेल का? मी तक्त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलने हिशेब केला. चरबीतला जुना माल साधारण दर दोन वर्षांनी निम्मा होतो असं ढोबळ धरलं, आणि मी मासोळी सोडल्याला चौदा वर्षं झालीत, तर सात वेळा निम्मा. एकशे अठ्ठाविसावा भाग. माझं गृहीतकच कच्चं होतं, कुठल्याही परीक्षकाने ते फाडून टाकलं असतं. पण शून्य येत नव्हतं. पूस धरणाच्या मासोळीचा एकशे अठ्ठाविसावा भाग या क्षणी माझ्या कमरेवरून निघून बाळाच्या डोक्याकडे चालला असेल, ही शक्यता शून्य नव्हती, आणि त्या शून्य नसण्याने मला इतका आनंद झाला की मी आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

पण चौदा वर्षांपूर्वी सोडली कशी, तिथे मन पोहोचलं की नेहमी थांबतं, जसं पाय थांबतो उंबऱ्याशी. आठवीत मी पुसदच्या वसतिगृहात होते. याडी भेटायला आली, बसने, तिचा तो आरशांचा घागरा घालून, आणि डबा दिला. खोलीत डबा उघडला तर वाळवून तळलेल्या मासोळ्या. पोरींनी नाकं धरली. कोणाचा गं हा वास? मी म्हटलं, आमच्याकडे नाही खात, चुकून आला असेल कोणाचा तरी. बोलून मागे वळले तर याडी दारात उभी होती, माझी विसरलेली वही हातात घेऊन. तिने ऐकलं की नाही हे मी चौदा वर्षांत तिला विचारलं नाही. पुढच्या वेळी तिने जवसाचे लाडू आणले. आणि त्यानंतर मी सुट्टीत घरी असले की तांड्यावरच्या आमच्या चुलीवर मासोळी शिजली नाही. विचारण्याची गरज नव्हती. खोटं बोलायला एक क्षण लागला, ते निभावणं मात्र इतकं सोपं होतं की हळूहळू ते खरंच झालं; मी खात नव्हते, म्हणजे मी न खाणारी होते.

मग धम्मरत्न भेटला, कॉलेजात, माझ्याच बाकावर. लग्न ठरताना त्याची आई रुखमाबाई आमच्याकडे आली. याडीला कोणीतरी सांगितलं होतं, हे बुद्धाची माणसं, पंचशील पाळतात, त्यांच्यापुढे तसलं काही नको. म्हणून तिने वांग्याची भाजी आणि भाकरी केली. रुखमाबाईने ते ताट बघून ठरवलं की हे भगत घराणं दिसते, मांस-मासोळी न शिवणारं. पुढे याडी आमच्याकडे आली तेव्हा रुखमाबाईने बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला. तीन वर्षं दोन घरं एकमेकींना मान देत वांगी आणि पातोड्या खात बसली. दोन्ही बाजूंचं खरं माहीत असलेली एकटी मी होते, आणि मी वाढत होते. रुखमाबाईला मासोळीशिवाय रविवार रविवार वाटत नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात कळलं. तिची मासोळीची लोखंडी कढई शेजारच्या शीलाकडे ठेवलेली आहे. रविवारी ती "शीलाकडं जरा बसून येतो" म्हणून जाते आणि दोन तासांनी साबणाने हात धुतलेले घेऊन येते, लिंबाचा वास येणारे. धम्मरत्न झरीला नोकरीला असतो, तो तिथे खातो. सासरे देवराव बाजारच्या दिवशी कुठे जेवतात ते विचारायचं नाही. माझ्यासाठी एक पूर्ण घर चोरून जेवत होतं.

चार वाजता मी निघाले. दत्त चौकाकडे जाताना औषधाचं दुकान लागलं आणि मला सरळ उपाय सुचला. शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या कॅप्सूल मिळतात, त्यात डीएचए तोच. मासोळीलाही तो शेवाळाच्या बारीक जिवांकडूनच मिळतो. मी फक्त मधला दलाल टाळणार होते. कोणाला काही सांगावं लागणार नाही. बाळाला त्याचं मिळेल. नाही तरी त्याने मूल हुशारच होतं असं ठामपणे कोणी सांगू शकत नाही. कुठल्या चाचण्यांत थोडा फरक दिसला, कुठल्यांत काहीच नाही. मला हुशारी नको होती. माझ्याकडून जायचं ते कमी जाऊ नये, एवढंच. दुकानदार यादी बघून म्हणाला, "स्टॉकमध्ये नाही मॅडम, नागपूरवरून बोलवून देतो. दोन दिवस." दोन दिवस काहीच नाहीत. दहा आठवडे हातात होते. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की तोंडात पाणी आहे. जिभेच्या दोन्ही कडांना, मागून, चिंचेचं नाव काढल्यावर येतं तसं. कॅप्सूलने कोणाच्या तोंडाला पाणी सुटत नाही. दुपारपासून मी तव्यावरच्या त्या मासोळ्यांपाशी बसले होते आणि शरीराने माझी वाट न बघता तयारी सुरू केली होती. त्याच वेळी बाळाने आतून एक ढोसणी दिली. त्याचा याच्याशी संबंध नाही, ते दुपारी झोपतं आणि चारला उठतं, मी आठवडाभर नोंद ठेवली आहे. तरी मी दुकानदाराला म्हटलं, "राहू द्या." आणि दुकानाबाहेर येऊन पुन्हा हसायला लागले.

मासळी बाजारात मी आयुष्यात पहिल्यांदा एकटी उभी होते. वास आला आणि मी नाक धरलं नाही, उलट खोल आत घेतला, जसं काही प्रयोगात वासावरून पदार्थ ओळखायचा असतो. विकणाऱ्या बाईने माझं पोट बघितलं आणि न विचारता एक कटला उचलला. "हा घे माय, ताजा हाय, सकायचाच. सातवा का?" मी मान हलवली. तिने खवले काढले, तुकडे केले, पाटावरच्या सुरीचा आवाज टक टक. मग सुरी थांबली. "डोकं ठिवू का फेकू? आजकालच्या पोरीले डोकं नाई लागत." मी इतक्या जोरात "ठेवा" म्हटलं की शेजारची विकणारी वळून बघायला लागली.

घरी पोचेपर्यंत पिशवी जड झाली होती. मासोळी किलोभरच होती, बाकी वजन वाक्यांचं होतं. आई, मला डॉक्टरने सांगितलं. खोटं. आई, अभ्यासासाठी लागते. अर्धं खोटं. एका खोट्यातून बाहेर पडायला मी दुसरं रचत होते, तेवढ्यात दार उघडंच मिळालं. रुखमाबाई ओट्यापाशी खलबत्त्यात भाजलेला जवस कुटत होती, लाल मिरची, लसूण, माझ्यासाठीच.

"काहून वं, आज लवकर आली? तब्येत बरी हाय नं?" आणि मग तिचं नाक हललं. मी ते बघितलं. खलबत्ता थांबला. "हे काय आनलं?"

"कटला," मी म्हटलं.

तिने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, जणू माझ्या मागून कोणी येणार आहे. "कोनासाठी?"

"माझ्यासाठी. आई, मी खाते. आधी खात होते, तांड्यावर आम्ही सगळेच खातो. पोरी हसल्या म्हणून मी नाही म्हटलं, मग ते तसंच राहिलं. तुम्हाला पण खोटंच सांगितलं."

मी पिशवी ओट्यावर ठेवली. तीन वर्षांचे रविवार, दर रविवारचे लिंबाच्या वासाचे हात. मग तिने बत्ता खाली ठेवला, अगदी हळू.

"म्हंजे," ती म्हणाली, "तीन वर्स मी त्या शीलीच्या घरी, तिच्या सासूचं तोंड पाहत पाहत मासोया खाऊन राह्यली, ते कायले?"

"माझ्यासाठी."

"तुह्यासाठी! अन् तुही माय?"

"तिला वाटतं तुम्ही खात नाही."

"मी?" रुखमाबाईने छातीवर हात ठेवला. "मी नाई खात? अवं माय वं! त्या बाईनं मले तीन बार वांगं खाऊ घातलं. मले वांग्यानं खाज सुटते! मी तिच्या मानापायी खाल्लं!" आणि ती हसायला लागली, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मधेच थांबून "खोटारडी कुठची" म्हणून माझ्या दंडावर चापट मारत, परत हसत. मग एकदम पदर खोचून तिने खिडकीतून हाक मारली, "शीले! ओ शीले! माही कढई आन, घरची हाय आता!"

कढई आली, शीलासकट, पण तिला दारातूनच परत पाठवलं. तेल तापलं. रुखमाबाईने कुटलेल्या जवसाच्या चटणीकडे बघितलं आणि मूठभर मसाल्यात टाकली, फेकायची कशाला म्हणून. मला तिला सांगावंसं वाटलं की तुम्ही आत्ता अठरा कार्बनवाल्याला बावीस कार्बनवाल्याच्या घरी पाठवलं. पण मी फोन हातात घेतला. तांड्यावर याडीने उचलला. मी आमच्या गोरबोलीत विचारलं, याडी, तू मासोळ्यांना आंबट काय लावायचीस? पलीकडे तिने कोंबड्यांना हुसकलं. मग ती म्हणाली, "तू खाशील?" तिने ऐकलं होतं. चौदा वर्षं मला जे विचारवलं नव्हतं त्याचं उत्तर त्या दोन शब्दांत होतं, आणि त्यात राग कुठेच नव्हता, होती ती घाई, बस सुटायच्या आधी खिडकीतून डबा द्यायची असते तशी. मी म्हटलं, खाते, आत्ताच शिजतेय, इथे, आईंच्या कढईत. तिने विचारलं, "अन् त्यायचं पंचशील?"

पंचशील हा शब्द रुखमाबाईला फोनमधूनही ऐकू गेला; तिने माझ्या हातातून फोन घेतला, लाउडस्पीकर लावला. "इहीणबाई, पंचशील मनात हाय, अन् मासोयी कढईत हाय. आंबट काय घालू ते सांगा."

"अंबाडीचा पाला," याडी वऱ्हाडीत म्हणाली.

"अंबाडी? चिंच घालतात!"

"चिंचेनं वास जाते. अंबाडीच घाला."

"मंग, वास गेलाच पायजे नं? आमी चिंचच घालतो."

मग मला विसरून त्या पंधरा मिनिटं भांडल्या, आणि मी पाटावर बसून ऐकत होते. शेवटी चिंच पडली, कारण अंबाडी घरात नव्हती, आणि पुढच्या रविवारी याडी स्वतः पाला घेऊन येणार असं ठरलं. रस्सा उकळला. रुखमाबाईने ताट घेतलं, आधी शेपटीचा तुकडा, मग मधला, आणि डोकं उचलून स्वतःच्या ताटलीत बाजूला ठेवलं, सवयीच्या हाताने, न बघता. फोन अजून चालूच होता.

"इहीणबाई," याडी म्हणाली, "डोकं तिले द्या हो. तिले डोकंच लागे."

रुखमाबाईने डोक्याकडे बघितलं. तीन वर्षांनी तिच्या घरच्या कढईतलं, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातलं पहिलं डोकं होतं ते. "मलेही डोकंच लागते," ती फोनला म्हणाली, जरा रागानेच. मग माझ्या पोटाकडे बघितलं. "तू एकटी असती तर मी नसतं देल्लं," ती म्हणाली. "दोघं हायेत म्हनून देतो." आणि ते गरम, चिंचेच्या रश्श्याने माखलेलं डोकं माझ्या ताटात ठेवलं, डोळा वर करून. "पुढच्या रविवारी दोन आनजो. एक माह्यावालं."

मी डोळ्याच्या मागचं मऊ बोटाने काढलं, तोंडात ठेवलं. गोडसर, किंचित कडू. ओठ जळायला लागले.

"कसं हाय?" दोन्हीकडून एकदम विचारलं गेलं.

तोंड भरलेलं होतं, म्हणून मी फोनजवळ सरकून डोकं मोठ्याने चोखलं.